‘लपून नेऊन टोचून आणू का?’

पत्र

सिस्टर, मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात सासरी राहते. आमच्या मालकांचं गलाईचं, म्हणजे सोनं गाळायचं, दुकान तमिळनाडूत आहे. मी बाळंतपणाला म्हणून इकडं आले, ती अजून इथंच आहे. बाळाला परवा दहा महिने पूर्ण झाले आणि नऊ महिन्यांची गोवराची लस राहिली आहे. साडेतीन महिन्यांच्या डोसाला त्याला दोन दिवस ताप होता, मांडीला गाठ आली होती. तेव्हापासून आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणतात की आता सुई नको. त्यात थोरल्या जाऊबाईंचा मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही. दीड वर्षाच्या डोसानंतर तो असा झाला, असं जाऊबाई म्हणतात. मालकांना कुणीतरी मोबाईलवर तसाच व्हिडिओ पाठवलाय, ते म्हणतात मी येईपर्यंत थांब. आत्यांचं म्हणणं, “आम्हा पाच भावंडांना गोवर आला न् गेला. देवीचं असतं ते, येऊन गेलेलं बरं.” आता गावाबाहेर ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्यात. त्यांच्यातल्या दोन पोरांच्या अंगावर उठलंय, असं आशाताई काल सांगत होत्या. मला रात्री झोप लागत नाही. पुढच्या आठवड्यात आत्या दोन दिवस माहेरी जाणार आहेत. तेवढ्यात बाळाला लपून नेऊन टोचून आणू का?

– एक आई

उत्तर

पोरी, आत्या माहेरी जाईपर्यंत थांबू नकोस, आणि लपूनही नेऊ नकोस. उद्याच जा, आणि आत्यांना बरोबर घेऊन जा.

उद्याच का, ते सांगते. गोवर झालेल्या मुलाशी संबंध आल्यापासून 72 तासांच्या आत लस मिळाली तर ती बऱ्याचदा आजार अडवते, नाहीतर त्याचा जोर तरी कमी करते. तुझ्या बाळाचा संबंध आलाय की नाही हे तुला कळणार नाही. अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून ते मूल गोवर पसरवत असतं, आणि तेव्हा त्याला नुसती सर्दी, खोकला, ताप आणि लाल डोळे असतात. असं मूल किराणा दुकानात येऊन गेलं तरी त्याच्या श्वासातला विषाणू त्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो. लस न घेतलेली दहा मुलं आसपास असतील तर त्यांतल्या नऊ जणांना गोवर होतो. इतक्या झपाट्यानं पसरणारं दुसरं दुखणं मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही. टोळीतल्या पोरांना गोवरच झालाय असंही नाही, कांजण्याही असतील. कांजण्यांत पाण्यानं भरलेले फोड येतात. गोवराचं पुरळ लाल आणि सपाट असतं, ते कानामागून, चेहऱ्यावरून सुरू होऊन खाली उतरतं. पण खात्री व्हायची वाट बघत बसायची ही वेळ नाही.

आता लपून का नको. मी सदतीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून सातारा-सांगलीकडच्या उपकेंद्रांत काम केलं. तरुण होते तेव्हा अशाच एका सुनेला मी साथ दिली होती. तिची सासू बाजाराला गेली आणि तिनं बाळाला पदराखाली घेऊन उपकेंद्र गाठलं. मी टोचलं. आपण फार चांगलं काम केलं असं मला वाटलं. नवव्या दिवशी बाळाला ताप आला, अंगावर थोडं पुरळही दिसलं. गोवराच्या लसीचा ताप टोचल्या दिवशी येत नाही, सात ते बारा दिवसांनी येतो, तोही थोड्याच मुलांना, आणि आपोआप उतरतो. हे मला माहीत होतं. सासूला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं सुनेला खोदून खोदून विचारलं, सुनेनं रडत सांगितलं. ताप दोन दिवसांत गेला, पण त्या घराचं दार मला कायमचं बंद झालं. त्या बाळाचे पुढचे डोस राहिले, आणि त्यानंतर झालेल्या बहिणीला तर एकही सुई लागली नाही. त्या सासूला मी आजही दोष देत नाही. तिला अंधारात ठेवायला नको होतं.

म्हणून तापाचं आत्यांना आधी सांग, आणि हेही सांग की त्या दिवशी एक नाही, तीन टोचण्या असतात. उजव्या दंडावर गोवर-रुबेलाची, डाव्या दंडावर पोलिओची अगदी कातडीतली, आणि मांडीवर न्यूमोनियाच्या लसीची. शिवाय चमच्यानं अ जीवनसत्त्वाचं औषध. आधी माहीत नसलं की तिसऱ्या सुईला आजी नातवाला ओढून घेते, हे मी कितीदा पाहिलंय. मागच्या वेळची मांडीची गाठ आणि दोन दिवसांचा ताप वेगळ्या लसीचा होता, पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा, आणि तो बऱ्याच मुलांना होतो. त्यावरून या लसीचा अंदाज बांधू नका.

आत्यांशी बोलताना ‘तुम्हाला काय कळतंय’ हा सूर तोंडातून चुकूनसुद्धा निघू देऊ नकोस. त्या म्हणतात पाच भावंडांना गोवर आला न् गेला, ते खरंच असेल. पण त्यांना मायेनं एवढंच विचार, ‘आत्या, तुमच्या आईला एकूण मुलं किती झाली?’

मी गावातल्या घरांची नोंद करायला जायची तेव्हा रजिस्टरला दोन रकाने असायचे, झालेली मुलं आणि हयात मुलं. म्हाताऱ्या बायका चुलीपुढं बसून सांगायच्या. “झाली आठ.” “हायत किती?” “पाच.” मग मी गप्प राहायची, त्या आपणच सांगायला लागायच्या. एक जन्मतःच गेलं. एक गोवरानं. एक हगवणीनं. “हगवण कधी लागली?” म्हटलं की आठवून सांगायच्या, “गोवर उतरला, आन् पंधरा-वीस दिवसांनी लागली.” तेव्हा आम्ही ते मरण हगवणीच्या नावावर लिहायचो. आता कळतं की गोवराचा विषाणू शरीरानं आधी कमावलेली ताकदही पुसून टाकतो. पुढचे कितीतरी आठवडे, काही मुलांत महिनोन् महिने, मूल दुसऱ्या रोगांपुढं उघडं पडतं. न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, कान फुटतो. गोवर झालेल्या हजारांतल्या एखाद्या मुलाच्या मेंदूला सूज येते. जगलेली पाच भावंडं लग्नकार्यात एकत्र येतात, जुन्या गोष्टी सांगतात. गेलेल्यांची आठवण काढायला त्यांची आई तेवढी असते, आणि तीही गेली की कुणीच उरत नाही.

माझ्या घरातलं सांगते. माझं माहेर माण तालुक्यातलं. माझी थोरली बहीण चार वर्षांची असताना तिला गोवर आला. आईनं जे सगळ्या बाया करायच्या तेच केलं. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला, खोलीत अंधार केला, घरात फोडणी बंद केली, आणि बहिणीचं दूध-तूप बंद करून नुसती पेज दिली. आधीच दुष्काळाची वर्षं, पोर वाळलेली. गोवर उतरला आणि तिच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं. बुबुळावर तो पांढरा ठिपका, मोहरीएवढा होता तो वाटाण्याएवढा झाला, आणि तो डोळा गेला. आई म्हणायची, देवीनं डोळा घेतला. मी नर्सिंग शिकले तेव्हा पुस्तकात वाचलं की गोवर शरीरातलं अ जीवनसत्त्व झपाट्यानं संपवतो, आधीच कमी असेल तर बुबुळ मऊ पडतं, त्याला जखम होते आणि फूल पडतं. दूध-तूप तेवढं चालू ठेवलं असतं, डोस मिळाला असता, तर काय झालं असतं ते मी आईला कधी सांगितलं नाही. तिच्या हाती तेव्हा दुसरं काहीच नव्हतं. आपल्याकडं गोवराची लस 1985 साली सरकारी कार्यक्रमात आली आणि पुढच्या काही वर्षांत जिल्ह्या-जिल्ह्यांत पोचली. मी त्याच्या थोडं आधी नोकरीला लागलेली. त्यामुळं गोवराची साथ आलेलं गाव कसं असतं ते मी पाहिलंय, आणि नंतर दहा-दहा वर्षं गोवर न पाहिलेलं गावही पाहिलंय. तुझ्या वयाच्या आयांनी पहिलं पाहिलेलंच नाही. म्हणून तुम्हाला सुईची भीती जास्त वाटते, त्यात तुमची चूक नाही.

आणखी एक कर. आत्यांचं वय साठीच्या पुढं असेल तर त्यांच्या दंडावर एक गोल, चपटा, सुरकुतलेला वण असेल. तो देवीच्या रोगाची लस टोचल्याचा. त्यावर हात ठेवून विचार की हा कसला. तो रोगसुद्धा देवीचीच कृपा-अवकृपा मानायचे, तरी त्यांच्या आई-वडिलांनी दंड पुढं केला. देशात त्या रोगाचा शेवटचा रुग्ण 1975 साली दिसला. बाळाच्या दंडावर आता तो वण दिसत नाही, कारण तो टोचायची गरजच उरली नाही. त्यांची भक्ती मोडायची नाही. लिंबाचा डहाळा दाराला खुशाल लावू दे, त्यानं बाहेरच्याला कळतं की आत आजारी मूल आहे, आणि तो येत नाही. ते माझ्या दृष्टीनं शहाणपणाचंच आहे. फक्त दूध, डाळ, अंडं, पाणी बंद करायचं नाही.

आता जाऊबाईंचा मुलगा. तुझ्या पत्रातला मला सगळ्यांत जास्त लागलेला भाग तोच. जाऊबाईंना ‘तुमचं चुकतंय’ असं कुणीही म्हणू नका. मूल हसत होतं, हळूहळू हाकेला बघेनासं झालं, आणि आई दिवसरात्र शोधतेय की माझ्या हातून काय घडलं. दीड वर्षाचा डोस तिला आठवतो कारण त्या दिवशी ते रडलं होतं. पण न बोलणं, नजर न देणं ही लक्षणं बहुतेक मुलांत दीड-दोन वर्षांच्या सुमारासच आईबापांच्या ध्यानात येतात, लस घेतलेली असो नाहीतर नसो. दोन्ही गोष्टी एकाच वयात येतात म्हणून त्या एकमेकींना चिकटतात.

मालकांना आलेल्या व्हिडिओचं मूळही सांगते. 1998 साली इंग्लंडमधल्या अँड्र्यू वेकफील्ड नावाच्या डॉक्टरनं फक्त 12 मुलांवरून ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात लेख लिहिला आणि गोवराच्या लसीवर स्वमग्नतेचा, म्हणजे ऑटिझमचा, संशय घेतला. पुढं कळलं की लस कंपन्यांवर दावा लावणाऱ्या वकिलांकडून त्यानं पैसे घेतले होते आणि मुलांच्या नोंदीही खऱ्या नव्हत्या. 2010 साली साप्ताहिकानं तो लेख मागं घेतला आणि त्याच वर्षी त्याची डॉक्टरकीची नोंदणी रद्द झाली. 2019 साली डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नता जास्त आढळली नाही. एका बाजूला 12 मुलं आणि दुसऱ्या बाजूला साडेसहा लाख. मालक सोनं गाळणारे, तोलाची भाषा त्यांना कळते. त्यांना हेच फोनवर सांग.

पण जाऊबाईंना व्हिडिओ खोटा ठरण्यानं काही मिळत नाही. त्यांच्या मुलाला मदत पाहिजे, आणि ती लवकर पाहिजे. आधी कानाची तपासणी करून घ्या, कारण ऐकू न येणारं मूलही हाकेला बघत नाही. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यात डॉक्टर असतात. पुढच्या फेरीची वाट बघू नका, अंगणवाडीताईंना सांगून त्यांच्याशी बोलणं करा, ते पुढं जिल्ह्याला पाठवतात. ‘ह्याचा बापपण उशिरा बोलला’ असं म्हणत घरातले वर्ष-दोन वर्षं घालवतात. या वयात शिकवलं तर मूल खूप काही उचलतं. आत्यांचा सगळा राग सुईवर आहे तोवर त्या पोराकडं कुणाचं लक्षच जाणार नाही.

लसीनं कधीच काही होत नाही असं मी तुला सांगणार नाही. जानेवारी 2022 मध्ये आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात ही लस दिल्यावर तीन तान्ही मुलं दगावली. बातमी आपल्याकडंही सगळीकडं फिरली होती. प्राथमिक तपासात लस ठेवण्यात आणि हाताळण्यात गंभीर चूक झाल्याचं पुढं आलं. ते कसं होऊ शकतं ते तुला कळावं म्हणून सांगते, म्हणजे उद्या तू डोळे उघडे ठेवून उभी राहशील. लस तपकिरी काचेच्या छोट्या कुपीत कोरड्या पुडीसारखी तळाला असते. सोबत पाण्याची वेगळी कुपी येते. त्या पाण्याच्या कुपीची मान मोडून, पाणी सिरिंजमध्ये ओढून, पुडीत सोडून, हलक्या हातानं फिरवून लस तयार करतात. एकदा पाणी घातलं की त्या कुपीचं आयुष्य चार तास. त्यात जंतू मारणारं काही नसतं, म्हणून चार तासांनंतर ती टाकायचीच, बर्फात ठेवली असली तरी. आम्ही कुपी फोडली की लगेच त्यावर वेळ लिहायचो. तू सिस्टरना विचार, “कुपी किती वाजता फोडली?” सिरिंज तुझ्यासमोर नव्या पाकिटातून काढायला सांग. चांगली सिस्टर यावर रागावत नाही. मला कुणी विचारलं असतं तर मी कुपी हातात दिली असती. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बस, लगेच घरी पळू नकोस. सर्दी-पडसं असेल तरी लस चालते. खूप ताप असेल, किंवा मागच्या एखाद्या डोसानं अंग सुजून श्वास अडकला असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना सांग.

गावातलं अंगणवाडीतलं सत्र महिन्यातून एकदाच असतं, त्याची वाट बघू नकोस. सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, नाहीतर विट्याला सरकारी रुग्णालयात. एखादी सिस्टर म्हणेल, एकाच बाळासाठी कुपी कशी फोडू, सत्राच्या दिवशी या. एका मुलासाठीही कुपी फोडायची असा नियम आहे, आणि गावाशेजारी पुरळाचे रुग्ण आहेत हे तू ठामपणे सांग.

त्या टोळीतल्या मुलांबद्दल आत्या काही बोलल्या असतील, ते तू लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे. ‘ह्यांनीच रोग आणला.’ असं म्हणू देऊ नकोस. दिवाळीच्या आधी बीडकडून गाडी भरून निघालेली बाई फडात पहाटे चारला उतरते, पोर कोपीत, म्हणजे खोपटात, नाहीतर बांधावर. नऊ महिन्यांचा डोस असतो तेव्हा ती इथं, कार्ड तिकडच्या गावात. आणि पोरी, तुझंही दुसरं काय आहे? आटपाडी-खानापूरच्या गलाईवाल्यांची पोरं देशभर वाढतात. कार्ड एका गावात आणि मूल दुसऱ्या गावात, हे दुखणं तुम्हा दोघींचं एकच. आशाताईंना सांग की कोप्यांवरच्या सगळ्या मुलांची नावं घ्या. ताप आणि पुरळ म्हटलं की आरोग्य खातं रक्ताचा नमुना घेतं, आजारी मुलांना अ जीवनसत्त्वाचा रोज एक असे दोन दिवस दोन डोस देतं, बाकीच्यांना लस देतं. ती मुलं वाचली तर तुझं बाळही जास्त सुरक्षित. साथ अडवायला शंभरातल्या 95 मुलांना दोन्ही डोस लागतात, आणि ते 95 गावातल्या मतदार यादीप्रमाणं मोजत नाहीत.

नऊ महिन्यांच्या डोसानं शंभरातल्या 85 मुलांना संरक्षण मिळतं. आईकडून आलेली ताकद अजून थोडी अंगात असते, ती लसीला आड येते, म्हणून दुसरा डोस. दोन्ही झाले की 97 पर्यंत जातं. या सुईत रुबेलाचीही लस असते, म्हणजे उद्या या घरात कुणी गरोदर असेल तर बाळामार्फत तिच्यापर्यंत रुबेला पोचायची भीतीही कमी होते.

उद्या आत्या आल्याच नाहीत तर? तर त्यांना सांगून निघ. “आत्या, मी बाळाला गोवराची सुई द्यायला नेतेय, तुम्ही आलात तर मला धीर येईल.” एवढं म्हणून दोन मिनिटं उंबऱ्यात थांब. रागावल्या तरी चालेल, त्यांना माहीत असू दे. मालकांना निघताना फोन कर, परत आल्यावर नको.

बाळाला सोळा महिने पूर्ण होतील मे महिन्यात, तेव्हा दुसरा डोस. तोवर तू बहुधा तमिळनाडूत असशील. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा आज फोटो काढून तुझ्या आणि मालकांच्या मोबाईलमध्ये ठेव, मूळ कार्ड बाळाच्या कपड्यांच्या पिशवीत, आणि इथल्या सिस्टरकडून मोबाईल नंबरवर यू-विनला, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन यादीत, नोंद करून घे. तिकडच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात दुसरा डोस फुकट मिळतो. भाषा आली नाही तरी कार्डावरच्या तारखा दाखव. आणि मला लिही, आत्यांच्या आईला मुलं किती झाली होती ते.